रेंजरच्या एकवीस दिवसांच्या कॅप्सूल

एकोणऐंशी सालच्या जानेवारीत माझी पोस्टिंग नाशिकजवळच्या एका दारूगोळा डेपोत झाली. डेपोचं नाव सांगत नाही. तेव्हा सांगायची परवानगी नव्हती, आता सवय नाही. मी हवालदार होतो, डॉग सेक्शनचा इन्चार्ज. माझ्या ताब्यात चार अल्सेशियन गार्ड डॉग, चार हँडलर आणि पत्र्याच्या छपराखाली केनेलची एक रांग. नाशिक रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. डेपोचा ट्रक पाऊण तास उशिरा आला. उशीर का झाला, हे मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं. त्यानं तिन्ही वेळा वेगळं कारण सांगितलं. ते मी लक्षात ठेवलं.

हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी संशयी माणूस आहे. आमची आई म्हणायची, या पोराच्या हातावर साखर ठेवली तरी आधी मीठ तर नाही ना म्हणून बघेल. घरी यावरून माझी चेष्टा व्हायची. फौजेत याला गुण समजतात, आणि दारूगोळ्याच्या डेपोत तर संशयी हवालदार म्हणजे साहेबांच्या गळ्यातला ताईत. मीही स्वतःला तसाच समजत होतो.

आमचा दिवस ०५३० ला सुरू व्हायचा. केनेलची सफाई, कुत्र्यांना ब्रश, मग ड्रिल. ऊन चढायच्या आत कुत्री सावलीला. जेवण दिवसातून एकदा, १७०० वाजता. मांस, भात, चिमूटभर हळद. अंधार पडला की दोन कुत्री कुंपणाच्या ड्यूटीवर, दोन आरामात. प्रत्येक कुत्र्याचा एकच हँडलर. एकाचा कुत्रा दुसऱ्यानं हाताळायचा नाही.

सिव्हिलियन वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. गार्ड डॉगला फूड रिफ्युजल शिकवतात. म्हणजे हँडलरशिवाय कोणाच्या हातचं खायचं नाही आणि जमिनीवर पडलेलं तर मुळीच नाही. कारण उघड आहे. कुंपणाबाहेरून कोणी विषाचा तुकडा फेकला की पहारा संपला. शिकवायची आमची पद्धत अशी होती. परका माणूस मांसाचा तुकडा पुढे करतो. तुकड्यात मलेरियावरच्या कोयनेलच्या गोळ्या कुटून भरलेल्या. कुत्र्यानं तोंड लावलं की जीभ कडू जहर, आणि वरून नाकावर वेताची छडी. दर पंधरवड्याला परीक्षा. हा परका माणूस आमच्या सेक्शनमध्ये मी होतो. मी कोणत्याच कुत्र्याचा हँडलर नव्हतो, म्हणून ते काम माझ्याकडे. थोडक्यात, चारही कुत्र्यांच्या लेखी मी म्हणजे कडू हात आणि छडी.

त्यातला रेंजर सगळ्यात पक्का. काळ्या पाठीचा, पाच वर्षांचा, उजव्या कानात नंबर गोंदलेला. माझ्या पहिल्या परीक्षेत त्यानं तुकड्याकडे पाहिलंही नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. दुसऱ्या परीक्षेपासून तर मी केनेलसमोरून नुसता गेलो तरी उठून उभा राहायचा. त्याचा हँडलर लान्स नाईक भीमराव पगारे. नांदगावकडच्या एका खेड्यातला, वय सत्तावीस, कमी बोलणारा. सगळे हँडलर कुत्र्याला जेवायची ऑर्डर हिंदीत द्यायचे. पगारे हळूच म्हणायचा, "जेव." आणि रेंजर जेवायचा.

पगारे वार्षिक रजेवर जात नसे. आपण गेलो तर कुत्रं उपाशी राहतं, एवढंच कारण सांगायचा. महिन्या-दोन महिन्यांनी एका रविवारचा पास घ्यायचा, सकाळच्या गाडीनं नांदगावला जायचा, आईवडिलांना भेटायचा आणि १७०० च्या आत परत. एवढ्या लांब जाऊन दोन तासांत परत कोण येतं, असं मला वाटायचं. हेही मी लक्षात ठेवलं.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी कळलं की उत्तरेकडच्या कुंपणाशी तांब्याची केबल कापून नेलीय. रात्री त्या बाजूला ड्यूटी रेंजरची. पहारेकरी म्हणाला, कुत्रा भुंकला नाही. ०६१५ ला मी केनेलवर गेलो. रेंजर आडवा पडला होता. मला पाहून उठला नाही. हिरड्या पांढऱ्या फटक, नाक कोरडं, अंग तव्यासारखं तापलेलं. आदल्या संध्याकाळचं जेवण तसंच पडलं होतं.

माझं डोकं लगेच चालायला लागलं. केबल चोरीला गेली, त्याच रात्री कुत्रा गप्प, सकाळी आजारी. म्हणजे विष. आता विष कोणी दिलं? रेंजर फक्त एका माणसाच्या हातचं खातो. तो माणूस तीन दिवसांपूर्वी पास घेऊन बाहेर जाऊन आला होता. दोन अधिक दोन चार. इतका सोपा हिशेब मला आयुष्यात कधी सापडला नव्हता, आणि तिथंच मला स्वतःचा संशय यायला हवा होता.

०७१० ला मी पगारेच्या ट्रंकेची तपासणी केली. कपड्यांच्या तळाशी वर्तमानपत्राची एक पुडी निघाली. आत तपकिरी भुकटी, उग्र वासाची. मी विचारलं, हे काय?

"सीताफळाच्या बिया हाईत उस्ताद, कुटलेल्या. गोचडीला लावतो. रेंजरच्या कानात लय गोचड्या झाल्यात."

फौजेत जवान शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात. मी म्हणालो, औषध द्यायला डॉक्टर आहेत, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, गोचड्यांचं तुम्हाला दोनदा तोंडी सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात बघू. खरं होतं. मी बघू म्हणालो होतो आणि विसरलो होतो. पण त्या क्षणी त्याचं ते आठवण करून देणं मला उद्धटपणा वाटला. पुडी सील केली आणि ०८०० ला मेजरसाहेबांच्या टेबलावर लेखी रिपोर्ट ठेवला. मेजरसाहेब म्हणजे आमच्या डेपोचे कमांडिंग ऑफिसर. रिपोर्टमध्ये लिहिलं की लान्स नाईक पगारे यांनी कुत्र्याला विषारी पदार्थ दिल्याचा दाट संशय आहे. ०९३० पर्यंत पगारे गार्ड प्लाटूनला अटॅच झाला. चौकशी पूर्ण होईपर्यंत केनेलच्या शंभर यार्डांत यायला मनाई.

साडेदहाला जनावरांचे डॉक्टर जीपनं आले. तरुण कॅप्टन होते, घाईत बोलायचे. रेंजर इतका गळला होता की मुसकी बांधून रक्त काढता आलं. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि म्हणाले, सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतंय, हा गोचडीचा ताप आहे. कानात बोट घालून त्यांनी एकामागोमाग सात गोचड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

मी म्हणालो, "सर, ताप असेल. पण विष नाही, असं कुठं आहे?"

ते म्हणाले, "हवालदार, कुत्र्याचं औषध माझ्याकडे आहे. तुमच्या संशयाचं नाही."

पुडी आणि रेंजरच्या ओकारीचा नमुना पुण्याच्या लॅबला गेला होता, रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. तोवर मी माझा हेका सोडायला तयार नव्हतो. डॉक्टरांकडे इंजेक्शनं दोन दिवसांपुरती होती, ती त्यांनी दिली. पुढे कॅप्सूल. दोन सकाळी, दोन संध्याकाळी, एकवीस दिवस. एक दिवसही चुकवायचा नाही, चुकला तर ताप उलटेल आणि मग हा जगणार नाही, असं बजावून ते गेले.

आणि आमची खरी लढाई सुरू झाली.

आमच्या कॉलनीत आता लोक कुत्र्याला गोळी पोळीत गुंडाळून देतात. लोण्यात घालतात, पेढ्यात घालतात. त्यांचं कुत्रं फार तर गोळी थुंकतं. आमचं कुत्रं सरकारी खर्चानं, परीक्षा घेऊन घेऊन, न खायला शिकवलेलं. पहिल्या संध्याकाळी मी खिम्यात कॅप्सूल घालून थाळी आत सरकवली. रेंजरनं मान फिरवली. "जेव," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच कानकोंडं झाल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सिपाही थोरात म्हणाला, पगारेचा शर्ट घालून बघतो. थोरात आमच्यातला दुसरा हँडलर, दिसायला पगारेच्याच बांध्याचा. पगारेचा घामट शर्ट मागवला, थोरात तो घालून आत गेला. रेंजरनं आधी बाही हुंगली. शेपूट एकदा हलली. मग त्यानं थोरातचं तोंड हुंगलं आणि ओठ मागे खेचले. थोरात थाळी टाकून बाहेर आला तेव्हा त्याच्या मनगटाला दोन दात लागलेले. त्यानंतर आतला कुत्रा बाहेरच्या प्रत्येक माणसाकडे चोरासारखं पाहायला लागला. आम्हीही एकमेकांकडे तसेच पाहत होतो. मी मांसाच्या पेटीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात. आचारी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मुसकी बांधून गालातून औषध ओतायचाही प्रयत्न झाला. चौघांनी धरला. औषध श्वासनळीत गेलं, जीभ निळी पडली, आणि मरता मरता वाचला. डॉक्टरांनी फोनवर माझी अशी खरडपट्टी काढली की एक्स्चेंजवाल्या पोरानं नंतर मला चहा पाजला.

मग मी माझ्या मते फार हुशारीची गोष्ट केली. रेंजर जेवत नव्हता, पण पाणी पीत होता. पाणी कोणत्याही बादलीतलं चालायचं, त्याची परीक्षा आम्ही कधी घेतली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कॅप्सूल फोडून भुकटी त्याच्या पाण्यात मिसळली आणि बादली ठेवून आडोशाला उभा राहिलो. तो उठला, चार पावलं आला, एकदा लपकन जीभ लावली. थांबला. बादलीकडे पाहिलं. मग मान वर करून सरळ मी उभा होतो त्या आडोशाकडे पाहिलं.

त्यानंतर त्यानं पाणीही सोडलं. बादली बदलली, घासली, त्याच्यासमोर नळाखाली धरली, थोरातकडून ठेववली. नाही. नाशिकचा एप्रिल, डोक्यावर पत्रा, अंगात ताप, आणि पाण्याचा थेंब नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माणसाच्या हातात फक्त कडू असतं, हे मीच त्याला तीन महिने शिकवलं होतं. पाण्यावर त्याचा भरवसा उरला होता, तोही मी घालवला.

चौथ्या दिवशी ०९०० ला डॉक्टर आले. सलाईन लावायला शीर सापडेना. सापडली तेव्हा रेंजरनं मान झटकून सुई काढून टाकली. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "उद्या संध्याकाळ बघेल असं वाटत नाही. याचा माणूस कुठे आहे?"

मी म्हणालो, सर, तो संशयित आहे.

त्यांनी बॅग उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसले. मी तिथंच उभा. खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिला विचार कुत्र्याचा नव्हता. पगारेला बोलावलं आणि कुत्र्यानं खाल्लं, तर मी चुकलो हे सगळ्या डेपोसमोर येणार, हा पहिला विचार होता. मग रेंजरनं कुशीवरून उठायचा प्रयत्न केला आणि त्याचे मागचे पाय सरकले. मी फील्ड टेलिफोन उचलला.

"केनेल टू गार्डरूम. लान्स नाईक पगारेला पाठवा. ओव्हर."

"गार्डरूम टू केनेल. पगारेला केनेलला मनाई आहे. लेखी ऑर्डर लागेल. ओव्हर."

"मनाई माझ्याच रिपोर्टवरून आहे."

"म्हणूनच लेखी लागेल उस्ताद. ओव्हर."

मी ऑफिसकडे पळत गेलो. मेजरसाहेबांनी ऑर्डर दिली, पण अटी घातल्या. पगारेची अंगझडती व्हावी. कॅप्सूल इन्चार्जनं स्वतः त्याच्या हातात द्यावी. पूर्ण वेळ इन्चार्ज हजर असावा. १०२० ला पगारे दोन गार्डांच्या मध्ये चालत आला. केनेलच्या दाराशी त्यानं स्वतःहून शर्ट काढला, खिसे उलटे केले, दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. झडती मी घेतली. त्याच्या नखांत काही आहे का, तेसुद्धा पाहिलं. आज ते लिहायची लाज वाटते.

तो आत गेला. रेंजरच्या घशातून असा आवाज आला, जो मी कोणत्या कुत्र्याकडून ऐकला नव्हता. पगारे आधी बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन स्वतः प्यायला. मग ओंजळ खाली धरली. रेंजर प्याला. तीन ओंजळी, चार, पाच. मी कॅप्सूल पुढे केल्या. पगारेनं त्याचा जबडा उघडला, कॅप्सूल जिभेच्या मुळाशी ठेवल्या, तोंड मिटलं, गळ्यावरून अंगठा फिरवला. "जेव." झालं. आम्हाला चार दिवसांत जे जमलं नाही, त्याला चार सेकंद लागले.

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, तुझ्याच हातचं खातो लेकाचा.

पगारे मागे न वळता म्हणाला, "आमच्या हातचं न खाणारे लय पाहिले, उस्ताद. आमच्याच हातचं खाणारा हा एकच."

आमच्या घरी आई कोणाकोणाच्या हातचं पाणी घ्यायची नाही, हे मला ठाऊक होतं, आणि पगारेंचं घर त्यात बसत होतं, हेही. रिपोर्ट लिहिताना माझ्या मनात त्याची जात नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तसं छातीठोक सांगवत नाही.

त्या दिवसापासून पगारे दिवसातून दोनदा यायचा. दर वेळी झडती, दर वेळी दोन कॅप्सूल. मेजरसाहेबांची ऑर्डर होती, आणि ती मागे घ्या असं म्हणायला मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी रेंजरनं भात खाल्ला. सहाव्या दिवशी मला पाहून उठून उभा राहिला. म्हणजे बरा होत होता. त्याच आठवड्यात लॅबचा रिपोर्ट आला. पुडीत सीताफळाच्या बियांची भुकटी, विष नाही. ओकारीतही विष नाही. मेजरसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, तुमचा रिपोर्ट मागे घ्यायचा असेल तर तीन ओळी लिहून द्या.

मी म्हणालो, लिहितो सर.

लिहिलं नाही. त्या महिन्यात नायब सुभेदारीसाठी माझं नाव जाणार होतं. खोटा रिपोर्ट दिला असं स्वतःच्या हातानं लिहून देणं माझ्या जिवावर आलं. उद्या लिहू, परवा लिहू. तेवढ्यात वरून पगारेची बदली आली, ईशान्येच्या सीमेकडे. ज्याच्यावर लेखी संशय आहे असा माणूस दारूगोळ्याच्या डेपोत ठेवत नाहीत, हा नियम मला पाठ होता. डॉक्टरांनी भांडून एवढंच करून घेतलं की औषध पुरं होईपर्यंत पगारेला हलवायचं नाही आणि तोवर त्यानं कुत्रा इन्चार्जच्या हाताला लावून द्यायचा. इन्चार्ज म्हणजे मी.

दहाव्या दिवसापासून पगारेनं मला शिकवायला सुरुवात केली. आता तो उस्ताद आणि मी रंगरूट. पहिले तीन दिवस मी नुसतं त्याच्या शेजारी बसायचं, हात मांडीवर, बोलायचं नाही. चौथ्या दिवशी त्यानं माझा हात धरून कॅप्सूल माझ्या बोटांत ठेवली आणि माझ्या हाताखाली स्वतःचा हात धरला.

"हात वरून नका नेऊ उस्ताद. मारणारा हात वरून येतो. खालून न्या."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, आधी तुम्ही खा. मी विचारलं, काय खाऊ? त्यानं एक कॅप्सूल फोडून भुकटी माझ्या तळहातावर ठेवली. "चाटा. आणि तोंड वाकडं करायचं नाय. तो तोंडाकडं बघतो." सकाळी सात वाजता, सेक्शनचे तीन हँडलर दात काढून हसत असताना, मी ती भुकटी चाटली. कोयनेल परवडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा परेडचा ठेवला. रेंजर टक लावून पाहत होता. त्यानं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सतराव्या दिवशी घेतलं. मी हात खालून नेला, त्यानं नाक लावलं, पगारेकडे पाहिलं. पगारे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रेंजरनं माझ्या बोटांतली कॅप्सूल ओठांनी उचलली आणि गिळली. मी बत्तीस वर्षांचा हवालदार, पण मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं. वळून बघतो तर पगारेचा चेहरा पडलेला. तो आनंदाचा दिवस माझा होता. आपलं कुत्रं त्यानं त्या दिवशी मला दिलं होतं, हे माझ्या फार उशिरा डोक्यात शिरलं.

एकवीस दिवस भरले. बाविसाव्या दिवशी दुपारी मी त्याला नाशिक रोडला सोडायला गेलो. गाडी १४२० ची, अर्धा तास लेट. प्लॅटफॉर्मवर मी दोनदा सुरुवात केली. पगारे, ते रिपोर्टचं असं झालं की. दोन्ही वेळा तो रेंजरबद्दल बोलला. गोचड्या कानाच्या आत बघा, बाहेरून दिसत नाहीत. उन्हाळ्यात दही द्या. गाडी सुटताना त्यानं सॅल्यूट केला, मी केला. माफी मागायची राहून गेली. राहून गेली म्हणजे मी मागितली नाही.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी १११५ ला सिग्नल आला. लान्स नाईक पगारे गस्तीवर असताना गोळी लागून ठार. क्लार्कनं वाचून दाखवलं. मी कामाला लागलो. १७०० ला थाळी घेऊन रेंजरकडे गेलो. सिनेमात कुत्रं अशा वेळी जेवत नाही. रेंजर जेवला. माझ्या हातून, शेपूट हलवत, थाळी चाटून पुसून. पगारेनं काम एवढं चोख केलं होतं. तो जेवत होता आणि मी केनेलच्या जाळीला धरून रडत होतो, सगळ्या सेक्शनसमोर.

दुसऱ्या दिवशी त्या तीन ओळी मी लिहून नेल्या. मेजरसाहेबांनी वाचल्या आणि परत दिल्या. म्हणाले, हवालदार, आता तो शहीद आहे. त्याच्यावर कसला डाग राहिलाय? ही फाईल उघडून घरच्यांना त्रास कशाला? ते चुकीचं बोलत नव्हते. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

दिवाळीनंतर मी त्याच्या गावी गेलो. नांदगाव स्टेशनवर उतरून पुढे एस.टी. आणि मग पायी. वडील ओट्यावर बसले होते. रेल्वेत गँगमन म्हणून राबलेला माणूस, हाताचे तळवे दगडासारखे. मी जय भीम केला, ओळख सांगितली. आईनं पाणी आणून दिलं, मी प्यायलो. मग सगळं सांगितलं. पुडी, रिपोर्ट, झडती, न लिहिलेल्या तीन ओळी, बदली. काही लपवलं नाही. म्हातारा जमिनीकडे बघत ऐकत होता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

मग ते म्हणाले, "त्यानं यातलं काय कळवलं नव्हतं. बदली मागून घेतली म्हणाला."

मग त्यांनी विचारलं,

"कुत्रं हाय का?"

"आहे."

"जेवतं का तुमच्या हातचं?"

"जेवतं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमाला माफ करायचं का नाय, ते आमचं आमी बघू. त्याला उपाशी ठेवू नका."

रेंजर त्यानंतर पाच वर्षं जगला. एक दिवस उपाशी राहिला नाही.

मेजरसाहेबांनी परत दिलेला कागद कुठेतरी गहाळ झाला. म्हणून त्या ओळी इथं पुन्हा लिहितो. लान्स नाईक भीमराव पगारे यांनी कुत्र्याला विष दिलं नाही. त्यांच्याजवळच्या पुडीत औषध होतं आणि कुत्र्याला गोचड्या झाल्यात, हे त्यांनी मला आधीच दोनदा सांगितलं होतं. माझा रिपोर्ट खोटा होता आणि तो मी वेळेवर मागे घेतला नाही, म्हणून ते सीमेवर होते.